मे काढणारे झिंगे

मी बालाघाटच्या एका शाळेत तात्पुरती शिकवायला लागले आणि रामटेके काकाजींच्या घरी खोली पाहायला गेले, तेव्हा भाड्याचं बोलणं सगळ्यात शेवटी झालं. आधी त्यांनी मला दारातच उभं केलं आणि विचारलं, "मच्छर अगरबत्ती लावता का?"

मला वाटलं, त्यांना धुराचा त्रास असेल. मी म्हटलं, "कधीकधी लावते."

"इथं चालनार नाही. अगरबत्ती नाही, ते भिंतीत खुपसाचं लिक्विड नाही, झुरळाचा स्प्रे नाही. मच्छरदानी हाये का?"

"नाही."

"मी देतो. अन् तांब्याचं काही भांडं आनलं का सोबत?"

घागर होती. आईने आमच्या कटंगीकडच्या गावाहून ती बसमध्ये मांडीवर घेऊन आणली होती. मी हौ म्हटलं.

"ते तुमच्या खोलीतच ठेवाची. त्यातलं पानी बाहेरच्या कोनत्याच बादलीत ओताचं नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीले आत तं येऊ द्या! का चोर पकडला का?"

आत गेले आणि मग समजलं. समोरच्या खोलीत, जिथे लोकांच्या घरी सोफा असतो, तिथे लोखंडी मांडणीवर काचेच्या टाक्या होत्या. पाण्यात शेवाळाचे हिरवे गुच्छ, तळाशी बदामाची वाळलेली पानं, आणि त्या पानांवर लाल ठिपके चालत होते. वाकून पाहिल्यावर त्यांना पाय दिसले, मिशा दिसल्या. नखाएवढे झिंगे. आमच्याकडे झिंगे म्हणजे बाजारात सुकवून मिळणारे, कांद्यात परतून भाकरीबरोबर खायचे. असे पाळलेले झिंगे मी पहिल्यांदाच पाहत होते.

समोरच्या घरातल्या लिल्हारे मावशीही ते खायचेच झिंगे समजत आणि दर आठवड्याला विचारत.

"काकाजी, कदी मोठे होतीन हे? एका भाजीपुरते तं झाले असन आता."

"हे इतकेच राह्यतात बाई."

"मंग कायले पोसता?"

काकाजी यावर कधी चिडले नाहीत. ते मलेरिया विभागातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी बैहरकडच्या गावांत सायकल दामटत, घरोघरी भिंतींवर औषध फवारून घेण्यात गेली. एकच बहीण होती, ती लहानपणी तापाने गेली; म्हणून आपण ही नोकरी धरली, एवढं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, पुन्हा नाही. दार न उघडणाऱ्या लोकांशी आयुष्यभर बोलून बोलून त्यांचा आवाज अगदी सपाट, न थकणारा झाला होता. "कायले पोसता" याचं उत्तर ते दर वेळी पहिल्यांदाच देत असल्यासारखं देत.

निरोप समारंभात सोबतच्या लोकांनी त्यांना मासे ठेवायची काचेची टाकी दिली होती. त्यातले दोन सोनेरी मासे गेले म्हणून ते गोंदियाच्या दुकानात नवे आणायला गेले आणि तिथे हे लाल झिंगे दिसले. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "काका, हे नका नेऊ. थंड पाण्याचा जीव आहे. बालाघाटचा मे हे काढणार नाहीत."

"त्यानं नाही म्हटलं म्हनून तं आनले," काकाजी सांगत.

पहिल्या खेपेचे झिंगे मात्र मे येण्याआधीच मेले, आणि ती कथा काकूंसमोर काढायची सोय नव्हती. टाकीतलं पाणी उडून कमी झालेलं. काकाजी बाहेरगावी. काकूंनी विचार केला, हे लेकरासारखे जीव, त्यांना हातपंपाचं पाणी कायले द्यायचं? माहेरच्या तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेलं, घरात सगळ्यांनी सकाळी उठून प्यायचं पाणी त्यांनी टाकीत ओतलं. संध्याकाळपर्यंत एकही झिंगा हलत नव्हता. माणसाला जे तांबं मानवतं ते झिंग्याला विष असतं, हे तोवर काकाजींनाही माहीत नव्हतं.

"मी त्याइले चांगलंच पानी पाजलं," काकू अजूनही म्हणत. "तुमी मले सांगून गेलते का?"

"नाही सांगितलं. चूक माझीच हाये."

"मंग दरवेळेस घागरीकडं काहून पाह्यता तसं?"

"घागर चांगली हाये म्हनून पाह्यतो."

दुसऱ्या खेपेने एप्रिल काढला आणि मेमध्ये बहुतेक संपली. मोजके उरले. काकाजींनी ते वेगळे ठेवले, त्यांची पिल्लं वाढवली आणि पुढच्या मेमध्ये ती पिल्लं मुद्दाम अशा टाकीत घातली जिला ओलं पोतं नाही, पंखा नाही, काही नाही. बाकीच्या टाक्यांवर पोती ओली करून टाकलेली, त्यांच्यावर छोटा पंखा फिरतोय, आणि ही एक टाकी खिडकीशी तापत पडलेली. तिचं नावच मेची टाकी. तिच्यातून जे ढग येईपर्यंत जगले, तेच पुढच्या वर्षीचे आईबाप. असं त्यांनी वर्षामागून वर्ष केलं. मी राहायला आले तोवर त्या टाकीत मरणारे थोडे आणि जगणारे जास्त झाले होते.

"रंगावर जाऊ नोका मॅडम," ते मला म्हणत. "रंगाचे झिंगे कोनीबी आनन. मले मे काढनारे पाहिजेत. बालाघाटचे झिंगे."

त्या टाकीतल्यांचा लाल रंग खरं तर थोडा फिकाच होता. पण काकाजी पाहुण्यांना आधी तीच दाखवत. मेलेला झिंगा ते चमच्याने अलगद काढून अंगणातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, बुंध्याशी पुरत. काकू म्हणत, "म्हनूनच आमच्या शेंगा गोड लागते."

पुढे पुढे त्यांना सगळ्याच गोष्टींचं माप मे झाला. नवा कूलर आला की, मे काढन का? काकूंच्या भाचीला पाहायला मुलगा आला. मुलगा शिकलेला, बोलायला गोड. पाहुणे गेल्यावर सगळे काकाजींकडे पाहू लागले. ते म्हणाले, "पोरगं चांगलं हाये. पन मे काढन का?"

काकू ताट उचलता उचलता म्हणाल्या, "मी तुमच्यासंगं इतके मे काढले, माझी टाकी कुठी हाये ते सांगा."

त्यांच्या खिशात पेनाशेजारी कायम एक छोटी टॉर्च असे. नोकरीत लोकांच्या टाक्या, कूलर, टायर, रांजण यांत मच्छराच्या अळ्या शोधायची सवय. ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. कुणाकडे चहाला गेले की चहा येईपर्यंत कूलरचं झाकण उघडून झालेलं असे. एकदा आम्ही सगळे हट्टा गावची बावडी, जुनी पायऱ्यांची विहीर, पाहायला गेलो होतो. लोक वर कमानींचे फोटो काढत होते. काकाजी खालच्या पायरीवर उकिडवे बसून पाण्यात टॉर्च मारत होते. कुण्या पोराने विचारलं, "अंकल, कुछ गिर गया क्या?" ते न वळता म्हणाले, "नहीं बेटा, कुछ निकलता है क्या, देख रहा हूँ."

माझ्याबद्दल त्यांनी फार काही विचारलं नाही. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, हे त्यांना आईकडून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या खोलीतला बल्ब बदललेला होता. काकू म्हणाल्या, "म्हने, पोरगी वाचते, तिच्या खोलीत टाकीवानी उजेड पाहिजे." मी आभार मानायला गेले, तर ते झिंग्यांना उकडलेला मुनग्याचा पाला घालत होते. त्यांनी मला भिंग दिलं आणि एक मादी दाखवली. तिच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस होता आणि ती मागचे इवले पाय सारखे हलवत होती. "वारा घालून राह्यली," काकाजी म्हणाले. "महिनाभर. एक घडी थांबत नाही. थांबली का अंड्याइले बुरशी लागते."

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये, वॉर्डात फवारणी येणार असं कळलं.

भिंतींवर मारायचं ते औषध मच्छरासाठी असतं, पण झिंगा काही मच्छराहून फार मोठा जीव नाही. त्याचा एक थेंब पाण्यात गेला तरी टाकी संपते. मेच्या टाकीतले झिंगे नुकतेच उन्हाळ्यातून पार पडले होते आणि जवळजवळ सगळ्या माद्यांच्या पोटाखाली अंडी होती. काकाजींची इतक्या वर्षांची मेहनत त्या एका टाकीत होती.

त्यात लिल्हारे मावशींनी गल्लीत जाहीर केलं की त्या दार उघडणार नाहीत. "मागच्या वेळी मारलं तं ढेकनं झाले. अन् आत्ताच रंग दिला भिंतीले." मग काकाजींकडे पाहून म्हणाल्या, "अन् तुमी तं तुमच्या घरी मारू देनारच नाही. झिंगे हायेत ना! मंग आमालेच काहून सांगता?"

सगळे काकाजींकडे पाहत होते. काकाजींना अनुभवाने माहीत होतं, एक दार बंद राहिलं की शेजारची चार बंद होतात.

"आदी माझंच घर," काकाजी म्हणाले.

फवारणीच्या पथकाचे प्रमुख बिसेन त्यांच्याच हाताखाली पंप धरायला शिकलेले. त्यांनी आदल्या दिवशी येऊन चपला बाहेर काढल्या, टाक्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साहब, आपका घर हो गया, ऐसा लिख देते हैं. कौन देखने वाला है?"

"मी पाहून राह्यलो ना."

"साहब, इतने साल की मेहनत है आपकी."

"तुझीबी हाये. उद्या पह्यले इथंच येजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साधे झिंगे एका टबात अंगणात मागे ठेवले. मेच्या टाकीतले दुसऱ्या टबात काढले, तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कडुलिंबाखाली बाजेवर ठेवला आणि वर धुतलेलं ओलं धोतर झाकलं. काकूंनी भिंतीवरची बुद्धाची तसबीर चादरीत गुंडाळली, धान्याचे डबे बाहेर काढले. घरातली एकही भिंत सुटली नाही. कपाटामागचीसुद्धा काकाजींनी उभं राहून मारून घेतली. मग ते सरळ लिल्हारे मावशींच्या दाराशी गेले.

"बाई, माझं झालं. आता तुमचं."

"कपाट कोन सरकवन?"

"मी सरकवतो. तुमी फक्त देव्हारा झाका."

मी शाळेतून परतले तेव्हा काकाजी मावशींच्या घरात कपाट ओढत होते, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. गल्लीच्या टोकाला ऊन फिरलं होतं आणि लिंबाची सावली बाजेवरून सरकली होती. बिसेन आणि त्यांच्या पथकातला एकजण टब उचलून भिंतीच्या सावलीत ठेवत होते. बिसेनांनी धोतर बाजूला केलं, पाणी तापलं का ते पाहायला कोपरापर्यंत हात आत घातला, आणि समाधानाने पुन्हा झाकलं. मला त्या क्षणी वाटलं, साहेबाच्या झिंग्यांना इतकं जपणारी माणसं आहेत ही.

काकाजी बाहेर आले, त्यांनी धोतर उचललं. झिंगे वेड्यासारखे गोल गोल पोहत होते. काही पाठीवर पडून पाय झाडत होते.

"टब कोनं हलवला?"

बिसेन पुढे आले. "मैंने, साहब. धूप आ गई थी."

"पान्यात हात घातला?"

बिसेनांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. सकाळपासून पंप धरलेला हात. "गरम है क्या, देखने को... साहब, गाली दे दो मुझे."

काकाजींनी टबावरचं धोतर पूर्ण बाजूला केलं. मग म्हणाले, "गाली देऊन झिंगे वाचते का? मावशीची मागची खोली राह्यली. ते मारून घे. ढेकनाचं म्हनन, तं ऐकून घेजो, वाद घालू नोको."

बिसेन हलेनात.

"जा म्हटलं ना!"

ते गेले. मग काकाजींनी काकूंना हाक मारली, "चहाची गाळणी आना. ते नवी, नायलॉनवाली."

पाणी बदलून पाहिलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळ व्हायच्या आत मेची टाकी संपली. अंगणातल्या टबातले साधे झिंगे ठणठणीत होते. लाल रंग शिल्लक होता. मे काढणारे गेले होते.

काकाजी अंगणात खुर्चीवर बसले. समोर स्टूल, स्टुलावर पांढरी बशी, हातात नोकरीतलं भिंग. मेलेली एकेक मादी बशीत घेऊन ते सुईने तिच्या पोटाखालची अंडी सोडवू लागले. अंडी दोनतीनदा स्वच्छ पाण्यात खळाळून गाळणीत.

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मेलेल्या मायचे अंडे कसे जगतीन?" पण हे त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं नाही. त्या आत गेल्या, सुईच्या टोकापेक्षा मऊ काहीतरी हवं म्हणून वातीचा कापूस पिळून आणला आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

गाळणी त्यांनी स्वच्छ पाण्याच्या बरणीत लटकवली आणि हवेच्या पंपाची नळी तिच्याखाली अशी धरून बांधली की बुडबुड्यांनी अंडी सारखी हलत राहतील. आईचं काम पंपाला दिलं. वीज गेली की काकाजी बरणीशी बसून चमच्याने पाणी हळूहळू ढवळत. पांढरी पडलेली, बुरशी धरलेली अंडी रोज वेचून काढत. गाळणीतली अंडी कमी कमी होत चालली. फवारलेल्या घरात ती न्यायची सोय नव्हती, म्हणून बरणी अंगणातल्या पत्र्याखाली आणि काकाजींची बाजही तिथेच, बाजेवर मच्छरदाणी. त्या दिवसांत आम्ही सगळे फडक्याने गाळलेला चहा प्यायलो. बिसेन रोज ड्यूटीवरून येत, फाटकाबाहेरूनच विचारत, "साहब?" आणि काकाजी म्हणत, "हाये अजून." एवढंच.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही. नुसतं भिंग पुढे केलं. गाळणीच्या जाळीला धरून काचेसारखे पारदर्शक, पापणीच्या केसाएवढे झिंगे उभे होते. बोटांवर मोजता येतील इतकेच. बिसेनांना त्या दिवशी फाटकाच्या आत बोलावलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून पाहिलं.

पुढचा मे आला, तेव्हा घरात खरं भांडण झालं. ती पिल्लं आता मोठी झाली होती आणि काकाजी त्यांना मेच्या टाकीत सोडायला निघाले होते.

"यंदा तरी त्याइले पंख्यासमोर ठेवा," काकू म्हणाल्या. "इतकं करून वाचवले, अन् आता स्वतःच मारता?"

"पंख्यासमोर ठेवले तं मले कसं समजन, मायवर गेले का नाही ते?"

"नाही समजलं तं का होते? जिते तं राह्यतीन!"

"जिते राह्यले तं आपल्या घरी. दुसऱ्याच्या घरी कसे राह्यतीन? लिल्हारेबाईच्या घरी कूलरबी नाही."

मावशींनी त्यांच्याकडे दोन झिंगे मागितले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पण त्या महिन्यात दुपारी मी किती वेळा पाहिलं, काकू मेच्या टाकीसमोरून जाताना पदराने एकदा वारा घालत आणि काकाजी पाहतात का ते बघत. काकाजी पाहत. बोलत नसत. काही झिंगे मुनग्याखाली गेले. बाकीच्यांनी मे काढला, आणि ढग आले तेव्हा तीन माद्या पोटाखाली पिवळे घोस धरून वारा घालत होत्या.

पावसाळ्याच्या मध्यावर मला वारासिवनीकडच्या शाळेत कायमची नेमणूक मिळाली. निघायचा दिवस ठरला तो नेमका फवारणीचा निघाला. काकाजी म्हणाले, "मॅडम, बसस्टँडवर सोडाले येता येनार नाही."

ऑटोत माझी ट्रंक चढली. गल्लीतल्या सगळ्या घरांची दारं उघडी होती, बाजा, गाद्या, डबे बाहेर आलेले. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. गल्लीच्या मधोमध टब, त्यावर ओलं धोतर, आणि शेजारी स्टुलावर काकाजी. बिसेन चार हात लांब उभे राहून विचारत होते, "साहब, धूप आ रही है. सरका दें?"

"नोको. मी आहो ना इथं."

ऑटो वळला तेव्हा मी मागे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. उजव्या हातातली छत्री त्यांनी पुढे लांबवून टबावर धरली होती, त्यांचं स्वतःचं पांढरं डोकं उघड्या उन्हात होतं. छत्री तशीच धरून ते डावा हात लिल्हारे मावशींच्या दाराकडे करून, त्याच सपाट, न थकणाऱ्या आवाजात सांगत होते, "बाई, मागची खोली राह्यली! मागची खोली मारून घ्या!"